बाथरूममधला स्टीलचा दांडा

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळ.
काल आई बाथरूममध्ये घसरली. लागलं नाही, पण नळाला धरून बसून राहिली होती. विनयाताई पापडीहून रिक्षाने आली आणि मला सगळ्यांसमोर सुनावून गेली. भिंतीला धरायला दांडा लाव, नाहीतर महिनाअखेर आईला माझ्याकडे नेते, म्हणाली. राधिकाचं म्हणणं, प्लंबरला बोलवा. बायकोला नवऱ्यापेक्षा प्लंबरवर विश्वास! आई इथेच राहणार. दांडा मी स्वतः लावणार. आजच.

संध्याकाळ.
दांडा आणला. इम्पॅक्ट ड्रिल मशीनही आणलं. आज फक्त वाचन. घाईत अपघात होतात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
सेफ्टीचं पान दोनदा वाचलं. लोक हे वाचत नाहीत, म्हणून देशाची ही अवस्था. गॉगल, मास्क, इअरप्लग, बंद बूट मागवले. सैल कपडे नकोत, त्यामुळे लुंगी बाद. आई सध्या बादलीचा काठ धरून आंघोळ करते. तिला म्हटलं, जपून गं.

रविवार, ९ नोव्हेंबर
पूर्ण ड्रेस चढवून फोटो काढला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, सेफ्टी फर्स्ट. ओल्या जागी मशीन चालवायचं नसतं आणि आईने नेमकी आंघोळ करून ठेवलेली. पुढच्या वेळी आधी विचारत जा, असं तिला शांतपणे सांगितलं. फरशी वाळली तेव्हा लाईट गेली. वसईत माणसाने काही करायचं ठरवलं की लाईट जाते.

शनिवार, १५ नोव्हेंबर
श्रीगणेशा केला. आईच्या कमरेच्या उंचीवर पेन्सिलने खूण. टाइलवर ठोके देणारा हॅमर मोड बंद ठेवायचा, हे मला तोंडपाठ आहे. तो चालू होता हे नंतर कळलं. टाइल या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. बिल्डरने हलक्या टाइल लावल्यात. राधिकाने दारातूनच झाडू आणि सुपली आत सरकवली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १६ नोव्हेंबर
तडा सोडून जरा वर दुसरी खूण. भिंतीत पाण्याचा पाइप कुठे आहे ते आधी बघावं म्हणतात. मी भिंतीला कान लावला. काहीच आवाज नव्हता. इअरप्लग कानातच होते, हे पाणी तोंडावर आल्यावर लक्षात आलं. गॉगलमुळे डोळे वाचले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट. मी मशीन टाकून पळालो, मेन स्विच राधिकाने बंद केला. पाण्याचा कॉक सापडेपर्यंत टँकरने नुकतीच भरलेली सोसायटीची टाकी अर्धी झाली. खालच्या मजल्यावरच्या प्रिस्का आंटी वर आल्या. जितू, आमच्या बेडवर पाणी पडतंय रे बाबा, तू काय विहीर खोदतोस काय, म्हणाल्या. ग्रुपवर कोणीतरी माझा तोच फोटो पुन्हा टाकलाय. मी ग्रुप म्यूट केला.

प्लंबर आला, पाइप जोडला. दांडाही लावून देऊ का, असं जाता जाता विचारलं त्याने. मी नको म्हटलं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर
आज मशीनला विश्रांती. आई हल्ली आंघोळच करत नाही. ओल्या टॉवेलने अंग पुसते आणि थंडी पडलीय म्हणते. इथे पंखा फुल स्पीडवर चालू आहे. ती बाथरूमला घाबरते. मला फार वाईट वाटलं. उद्या नक्की.

रविवार, २३ नोव्हेंबर
ड्रिलचं बिट बोथट आहे. पुढच्या रविवारी.

रविवार, ३० नोव्हेंबर. दुपार.
झालं! तडा टाळला, पाइप टाळला, थोडं आणखी वर घेतलं. होल सरळ, स्क्रूसाठी आत ठोकलेली प्लास्टिकची गिट्टी घट्ट, स्क्रू टाइट. स्वतः लोंबकळून पाहिलं. दांडा ढिम्म हलला नाही. राधिकालासुद्धा हसू आलं, कौतुकाचंच असणार. ताईला फोन केला, आता नेऊन दाखव आईला. ती म्हणाली, मी निघालेय.

संध्याकाळ.
ताईसमोर आईला हात धरून बाथरूममध्ये नेलं. आईने हात वर केला. मग टाचा उचलल्या, तेव्हा मी पाठीमागून धरलं. बोटं दांड्यापर्यंत पोचली नाहीत. तडा आणि पाइप टाळत वर सरकताना शेवटची खूण मी माझा हात पोचेल तिथे केली होती. आईनेच मग आपला टॉवेल वर फेकून दांड्यावर टाकला आणि म्हणाली, टॉवेल वाळत घालायला छान झाला हो जितू.

ताई तिला घेऊन गेली. रिक्षात बसताना आई म्हणाली, पापडीला दांडा लावलेला आहे रे, चार दिवस राहून येते. चार दिवसांची बॅग एवढी मोठी नसते.

सोमवार, १ डिसेंबर
आईचा टॉवेल इथेच राहिला. पूर्ण वाळलाय. काढायला धीर होत नाही.
दांडा मात्र भक्कम आहे.