अकरा चाळीसला बंद केलेली प्रोसेस

सोमवार, ४ मार्च

आज माझ्या हातून काय झालं ते मलाच ठाऊक नाही. म्हणून क्रमाने लिहितो.

सकाळपासून रुग्णालयाचा सर्व्हर संथ. महिन्याच्या अहवालाची एक प्रोसेस, म्हणजे मशीनवर चालू असलेलं काम, अडकून बसलेली, बाकी कुणाला पुढे सरकू देईना. तिचा नंबर चिठ्ठीवर लिहिला — १८४३२ — आणि आमच्या संगणक विभागाच्या मॅडमना विचारायला वर गेलो. त्या फोनवर. वीस मिनिटं दारात उभा. मग म्हणाल्या, "साधं सांगून बंद कर. नऊ नंबरचा, जबरदस्तीने मारायचा हुकूम द्यायचा नाही, त्याने सगळ्यांनाच खाली ओढशील." हे मला पाठ आहे. खाली आलो, चिठ्ठी पाहिली, साधं सांगितलं. एका सांगण्यात गेली. ११.४०.

मग टिपण करताना दिसलं — अहवाल ११.३२ लाच आपणहून संपला होता.

तर मग मी बंद केलं ते काय?

मंगळवार, ५ मार्च

कळलं. प्रोसेस संपली की तिचा नंबर मोकळा होतो, मशीन तो पुढे दुसऱ्या कुणाला देतं. ११.४० ला १८४३२ म्हणजे नोंदणीच्या खिडकीवरच्या काकांचं काम होतं. किडनीच्या प्रतीक्षायादीत नावं चढवतात ते. लिहिणं अर्धवट असेल तर डेटाबेस ते स्वच्छ पुसून टाकतो, ओरखडाही राहत नाही. यालाच सुरक्षित म्हणतात.

काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं. "स्क्रीन जरा लुकलुकली. मग कोरा फॉर्म आला." कोरा फॉर्म तर नाव चढल्यावरही येतो. "का रे, तोंड का उतरलंय? तुझंही नाव घालू का यादीत?" ते हसले. मीही हसलो.

मॅडमना सांगितलं नाही.

बुधवार, ६ मार्च

सांगितलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

जेवणाच्या सुट्टीत काकांकडे सोमवारी आलेल्या अर्जांचा गठ्ठा मोजला. कागद चौदा, यादीत नावं तेरा. उलटे मोजले. चौदाच.

राहिलेला कागद: शिवणकाम करणारी बाई, वय चौतीस, रक्तगट बी. सहीतलं प्रत्येक अक्षर सुटं, पट्टी लावल्यासारखं सरळ. बी गटात तिच्याआधी कुणीच नाही, नंतर तीन. म्हणजे ती पहिली. आणि यादीत ती नाहीच.

आज मी नाव घातलं तर आजची तारीख लागेल, ती चौथी होईल. सोमवारची तारीख फक्त मॅडम लावू शकतात. माझ्यासारख्या बारावी नापासाला त्यांनी नोकरी दिली तेव्हा मोठे साहेब म्हणाले होते, "बघा हं, उद्या निस्तरावं लागलं तर तुम्हीच निस्तरा."

उद्या सांगतो.

शुक्रवार, ८ मार्च

मॅडमच्या दारात गेलो. त्यांनी मान वर केली. "काय रे?"

"काही नाही. प्रिंटरचा कागद संपलाय."

घरी ताई म्हणाली, "नुसतं चिवडत बसलायस. आकड्यांशीच संसार मांडणार का?" मी म्हणे "चौदा" म्हणालो. भाची हसत सुटली.

आता कुठलीही प्रोसेस बंद करताना नंबर तीनदा वाचतो, तरी बोट खाली जात नाही. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं वाटतं. शिंप्याचं दुकान चुकवून लांबच्या रस्त्याने घरी येतो.

सोमवार, ११ मार्च

सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "बंद करण्याआधी पुन्हा बघायचं असतं. नंबर नाही, तो कुणाचा आहे ते."

"हो मॅडम."

"आणि हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं." त्यांनी तारीख लावली — ४ मार्च, ११.४०. "आता तिला फोन तूच कर."

केला. मागे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. तुमचं नाव आठवडाभर यादीत नव्हतं, चूक माझी, असं एका दमात म्हणालो.

"आता आलं ना? मग झालं तर. तुम्ही शोधून काढलंत हेच खूप."

आज पोटभर जेवलो.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी यादीतून एक नाव उतरलं. रक्तगट बी, नोंद ४ मार्च, ११.५५ — तिच्या लगेच नंतरची. कारणाच्या रकान्यात — किडनी मिळाली, शनिवार, ९ मार्च.

मॅडमनी अजून पाहिलेलं नाही.