तापलेल्या फरशीवरची झाडं

आई, आज जयसिंगपूरजवळ एका बंगल्यात पोहण्याच्या तलावाकाठी ठेवायच्या कुंड्या ठरवायला गेले होते. हो, आता आपल्याकडेही लोक घरात तलाव बांधतात. मालक सत्तरीचे, दुकान मुलांच्या हाती सोपवलेलं. त्यांच्या बायकोचे, काकूंचे, गुडघे गेलेत, डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालायला सांगितलंय, म्हणून एवढा खटाटोप. त्यांना चारी बाजूंनी कण्हेर हवी होती. "बारा म्हैने फुलं, ताई, आन् ऊनबी सोसतीय." मी म्हटलं, "नातवंडं सुट्टीला येणार न्हवं? कण्हेर विषारी आसतीय. पोरं पानं तोंडात घालत्यात." त्यांनी कण्हेर यादीतून खोडली. मग मी चपला काढल्या आणि भर दुपारी काठाच्या फरशीवर अनवाणी उभी राहिले. काकू आतून म्हणाल्या, "आगं, पाय भाजतील की." क्षणभरही पाय ठेववला नाही.

हे तुझंच. कसबा बावड्यात घरामागच्या आपल्या नर्सरीत तू मला असंच उभं करायचीस. "पाय टिकला तर झाड टिकंल. न्हाय टिकला तर कुंडीखाली विटा दे, आन् काळी कुंडी घेऊ नगंस, मुळं शिजत्यात." म्हणून आज मातीच्या मोठ्या कुंड्या सांगितल्या, खाली विटा. काठाला चिनी गुलाब आणि गवती चहा, ऊन परतून येतं त्या भिंतीशी जास्वंद. बोगनवेल मात्र लांब, फाटकापाशी, कारण तिचे काटे ओल्या पायांना नकोत. गवती चहाचं नाव ऐकून काकू खुलल्या. तू असतीस तर तिथंच त्यांच्याकडे चहा मागितला असतास.

आणि मग तो मे महिना आठवला. मी नुकताच बागकामाचा कोर्स करून आले होते, एका हॉटेलच्या गच्चीचं काम तू विश्वासानं माझ्यावर सोपवलं होतंस. मी सावलीत वाढणारे फर्न निवडले, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांत, कारण फोटोत ते देखणे दिसत होते. आठ दिवसांत सगळे करपले. तू दोन गिऱ्हाइकांसमोर मला म्हणालीस, "झाड बोलत न्हाय म्हणून लोकांच्या गळ्यात काय बी बांधायचं व्हय गं?" मी आत गेले आणि दार लावून घेतलं. तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तू टेम्पोत जास्वंदी भरल्यास. गच्ची दुपारीच मोकळी असायची, म्हणून ऐन उन्हात एकटी गेलीस. तीन जिने, वीस कुंड्या. परत आलीस ती भिंतीला टेकून बसलीस, पाणी मागितलंस. संध्याकाळी अंग इतकं तापलं की हात लाववेना. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तू गेलीस. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ऊन लागलं. मीही तेच सांगत राहिले. मी चुकीची निवडलेली झाडं बदलायला तू गेली होतीस, हे कुणाला सांगितलं नाही.

आज निघताना त्या काकांनी विचारलं, "हे कुणाकडनं शिकलासा?" मी म्हटलं, "आईकडनं."

"मग त्यास्नीबी एकदा घिऊन या की."

"न्हाय वो. ती न्हाय आता. ऊन लागलं तिला."

त्यांनी मान हलवली. टेम्पो चालवत घरी आले, जेवण केलं नाही, तुझ्या जागेवर पाटावर बसून हे लिहायला घेतलं. हे कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. घडी करून बियांच्या डब्यात ठेवीन.

फक्त एक सांगायचं राहिलंय. त्या दुपारी निघताना तू माझ्या दाराशी थांबून हळूच म्हणाली होतीस, "येतीस का गं, कुंड्या जड हायत." तुला वाटलं असेल, मी झोपलेय. आई, मी जागी होते.