अक्कांच्या वाटचा समुद्र

नवीन जालना,
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कांना रेणुकाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या आईंचे गुडघे आता कसे आहेत? सुग्रीवभाऊंची मेंढरं रानातून परतली का? आपल्याकडे थंडी अजून हटायला तयार नाही. दही मी लावते, पण तुमच्यासारखं लागत नाही. दादा नुसती वाटी बाजूला सारतात.

शरयू रोज दिवेलागणीला विचारते, "मोठी आई कुठंय?" मी सांगते, गावाला गेलीय. एवढे दोन शब्द सांगताना माझी जीभ अडखळते. का, ते तुम्हाला कळेल. बहुतेक कळलंच आहे.

उद्या रविवारचं दादा धावड्याला येणार आहेत, म्हणून चिठ्ठी त्यांच्याजवळ देते. पाकीट चिकटवलंय. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचलला असता तरी मी इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला असता.

आम्ही थायलंडहून आलो तेव्हा तुम्ही चहा केलात, शरयूच्या कपड्यांच्या घड्या माझ्या हातात दिल्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन निघालात. "आईचे गुडघे लई दुखून राह्यले," एवढंच बोललात. प्रवासाचं एका शब्दानंही विचारलं नाहीत. एरवी मी परतूरला जाऊन आले तरी तुम्ही बसमध्ये कोण भेटलं इथपासून विचारता. म्हणून न विचारता सांगते.

त्या दिवशी तुम्ही आमच्या आधी उठला होतात. धपाटे बांधून दिलेत. गाडीत बसताना माझ्या अंगावर तुमची तपकिरी शाल टाकलीत. काचेवर दव होतं, बदनापूरपर्यंत रस्ता दिसत नव्हता. सातच्या विमानानं मुंबई, तिथून अकराच्या विमानानं थेट फुकेत. विमान वर चढलं तेव्हा मी खुर्चीचा दांडा घट्ट पकडला. यांनी हात धरला. लग्नाला अकरा वर्षं झाली, चारचौघांत यांनी माझा हात पहिल्यांदा धरला असेल.

धपाटे सोडले तेव्हा हे म्हणाले, "वहिनीचं नशीबच बघ. दुसऱ्यांदा हुकलं."

मी म्हटलं, "दुसऱ्यांदा कसं?"

"गोव्याच्या टायमाला पण कंपनीकडनं दादा-वहिनीची तिकिटं आल्ती ना. तू दवाखान्यात होतीस, शरयू सातव्या महिन्यात झाल्ती. वहिनी म्हणली, पोरीला सोडून मी जात न्हाई."

"पण अक्का तर मला म्हणाल्या होत्या, मला पाण्याचं भ्या वाटतं म्हणून मीच नको म्हटलं."

"तुला सांगायचं न्हाई, असं तिनंच बजावल्तं. बाळंतिणीच्या जिवाला लागंल म्हणली."

अक्का, हातातला धपाटा मी तसाच परत फडक्यात बांधला.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. दादांचा आणि यांचा पासपोर्ट आधीच होता, आपण दोघींनी अर्ज एकाच दिवशी भरले. कंपनीनं दुकानाला बक्षीस दिलेली तिकिटं दादांची आणि तुमची. माझा अर्ज आपला सोबत, पुढंमागं लागेल म्हणून. दोन्ही अर्जांवर मोबाइल नंबर मीच माझा टाकला होता. तेव्हा मनात पाप नव्हतं, शरयूची शपथ. तुम्ही साधा फोनही घरात विसरता, म्हणून टाकला.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी पोलीस चौकीतून पासपोर्टच्या चौकशीचा फोन आला. हवालदार म्हणाले, "तुळजाबाई राधाकिसन आन रेणुका अंगद, एकाच घरच्या का? कागदं घेऊन दोघी चौकीत या."

मी म्हणाले, "मी येते. मोठ्या जाऊबाई गावाला गेल्यात."

"कवा येतील?"

"सांगता यायचं न्हाई."

"मंग मला पत्त्यावर सापडल्या न्हाईत असंच लिहावं लागंल, बाई."

मी म्हटलं, लिहा.

तुम्ही गच्चीवर बाजरी वाळवत होतात. पायली सरकवल्याचा आवाज मला खाली ऐकू येत होता. हाक मारली असती तर ओ दिली असतीत. मी पदर नीट केला, माझी कागदं घेतली, आणि "शेजारी जाऊन येते" म्हणून एकटी चौकीत गेले.

तुमचा अर्ज परत आला. दादा चिडले, आणि "मी एकटा जाऊन काय करू, अंगद-रेणुकाला जाऊ द्या," असं म्हणाले. तुम्हीच पुढं होऊन माझ्यासाठी बाजारातून नवीन चपला आणल्यात.

असं का केलं, म्हणाल. मोठं कारण असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. सात वर्षं दुकानात काउंटरवर मी उभी राहते. गिऱ्हाईक मला ओळखतं, कंपनीची माणसं मला ओळखतात. आणि मान मात्र सगळा मोठीला, पूजेला मोठी, लग्नाकार्यात पुढं मोठी, विमानातही मोठीच. त्या दुपारी हे सगळं एकदम वर आलं, आणि तोंडातून ते वाक्य गेलं. पण त्यानंतर दोन महिने मी गप्प बसले, ते तर काही एकदम झालेलं नव्हतं. नवीन अर्जाला वेळ होता. मी रोज सांगायचं ठरवायची आणि रोज राहू द्यायची.

फुकेतला उतरलो तर कढईतून निघावी तशी वाफ अंगावर आली. बरोबरच्या सगळ्या दुकानदारांनी स्वेटर काढले. तुमची शाल माझ्या हातावर होती, ठेवायला जागा नव्हती. हॉटेलात सामान टाकून सगळे समुद्रावर गेले. दिवस मावळत होता. पाणी कोमट असतं अक्का, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं विहिरीसारखं गार असेल.

वाटूरच्या दुकानदाराची बायको मनीषा माझा हात ओढत होती. तिनं विचारलं, "तुमच्या मोठ्या जाऊबाई कशा न्हाई आल्या?"

मी म्हणाले, "त्यांना पाण्याचं भ्या वाटतं."

तुम्ही माझा जीव राखायला जे खोटं बोललात, ते मी माझी लाज झाकायला वापरलं. घोट्याएवढ्या पाण्यात उभी होते. तिथून पुढं मला पाय उचलता आला नाही. पुढचे चार दिवस सगळ्यांनी नावेतून बेटं पाहिली. मी डोकं दुखतं म्हणून खोलीत पडून राहिले.

तिकडं असतानाच दादा तुमच्या नव्या अर्जाचं विचारायला चौकीत गेले होते. आम्ही आल्यावर जिन्यात मला एवढंच म्हणाले, "रेणुका, हवालदार भेटल्ते." त्यावरून तुम्हालाही कळलं हे मी समजले.

काल रात्री जेवताना यांना मी सगळं सांगितलं. हे हात धुऊन उठले आणि दुकानात झोपायला गेले. आज सकाळी फक्त म्हणाले, "वहिनीला तू स्वतः सांग."

सोमवारी मी शरयूला घेऊन भोकरदनच्या बसनं येते. तिला तुमच्याकडं येऊ द्या, तिची काही चूक नाही. मला आत बोलवायचं की अंगणातूनच लावून द्यायचं, ते तुम्ही ठरवा. एक मात्र विनंती आहे. नेहमीसारखं "जाऊ दे गं, झालं ते झालं" असं म्हणू नका. तुम्ही ते पटकन म्हणाल, म्हणून भीती वाटते. रागवा, आईंच्या देखत बोला, महिनाभर बोलू नका. तुम्ही एवढ्या वेळा सोडून दिलंत, की माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

आईंना नमस्कार. खाली 'तुमची धाकटी जाऊ' असं लिहिलं होतं, ते खोडलंय.

रेणुका