मानेतल्या सुया

नागपूर, शनिवार

सौ. धुरपतास,

मी जिता आहे, हे पहिले वाच. बाकीचं मग.

लकव्यानं डावा हात गेला, उजवा शाबूत आहे, म्हणून मीच लिहून राहिलो. बोललेलं मात्र कोणाले समजत नाही. आपला पोरगा खुशाल सेवा करते, पण मले माझीच किळस येऊन राहिली. तोंडातून लाळ गळते, उशी वास मारते. गिळता येत नाही म्हणून नाकातून रबरी नळी घातली. बैलाले औषध पाजावं तशी तिच्यातून पेज ओततात.

आता एक डॉक्टर मानेत अन् हनुवटीखाली चिनी सुया टोचते. "काका, यानं गिळता येईल," म्हणते. परवा त्यानं चमचाभर पाणी पाजलं, तं ठसका लागून सारं त्याच्या शर्टावर उडालं. तो हसला, मले ओकारी आली.

पाणी छातीत उतरलं तं धोका असते म्हणे. तू घाबरू नको, अन् आईले सांगू नको. धानाच्या रोपांचे परहे टाकले का? तुहा गुडघा अजून दुखते का?

काल सुया काढल्यावर डॉक्टरनं जिभेवर घट्ट दही ठेवलं. "मान खाली करा अन् गिळा," म्हणाला. गेलं! नर्सबाई म्हणते, सुयांनी नाही, काहींचं आपोआपच सुधारते. कोणाचं खरं, मले मालूम नाही.

दही आंबटढाण होतं, धुराचा वास मारत होतं. घरी असतो तं कुत्र्यापुढं टाकलं असतं. तरी मी पुन्हा तोंड उघडलं.

तुहा,
गोमाजी