साडूच्या घरी ढोल पाठीमागनं येतो

भांडगाव, ता. दौंड
चंपाषष्ठी झाल्यावर, बेस्तरवार

कारेगावचे रहिवासी, नव्या घराचे आन् पाच स्पीकरांचे धनी, आमचे धाकटे साडूभाऊ शंभूराव यांना भांडगावहून थोरला साडू मल्हारी याचा रामराम पोचावा.

देवाच्या दयेनं इकडं समदं बरं हाय. धुरपदा बरी हाय, म्हस व्याली, कांदा बरा हाय. तुमची तब्येत कशी हाय ते रिवाज म्हणून इचारतो, कारण मागं बघितलं तवा सदऱ्याची बटणं कुरकुरत व्हती. कंपनीच्या कँटीनचा गुण असंल. सुलक्षणाला आशीर्वाद सांगा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मधीच "त्याचं काय हाय मल्हारीदाजी" म्हणून सुरू व्हता आन् माझं राहून जातं. कागदावर मला कुणी आडवत न्हाई. शाळेत गुरुजींनी शिकवल्यावानी शुद्ध लिहायचं ठरवलं व्हतं, पण दोन ओळीतच ध्यानात आलं की राग काय शुद्ध येत न्हाई, तवा बोलतो तसंच लिहितो.

तर मुद्दा असा की आपल्या सासूबाई. तुम्हाला ठाऊकच हाय, सासरे गेल्यापास्नं तानुबाई आमच्याच इथं. त्यांना लेक न्हाई, दोन लेकीच, आन् थोरलीच्या घरी ऱ्हायचं हे त्यांनीच ठरवलं. (तवा तुमचं लग्नसुदीक झालं नव्हतं, ह्ये ध्यानात ठेवा.) इतकी वर्सं म्हातारी आमच्या वट्यावर बसून अख्ख्या भांडगावाला नावं ठेवायची आन् मी चहा पीत ऐकायचो. मला आई लहानपणीच न्हाई, तवा घरात कुणीतरी आपल्यावर खेकसणारं माणूस लागतं, ते मला त्यांच्यात गावलं. ह्या दिवाळीला तुम्ही गाडी घिऊन आला आन् "चार दिवस नव्या घराला पाय लावून या" म्हणून त्यांना न्हेलं. चार दिवस! तुळशीची लग्नं झाली, कार्तिक सरला, तरी म्हातारीचं पाऊल काय माघारी फिरंना.

मग मीच आलो बघाया, तुम्हाला आठवत असंल. चौफुल्याला उभा राहून न्हावऱ्यावरनं शिरूरची एस.टी. धरली, शिरूरला पेढे घेतले, तिथनं कारेगाव. तुम्ही मला घर दाखवाया सुरवात केली. फरशी दाखवली, पीओपी दाखवलं, न्हाणीघर आन् संडास दार उघडून दाखवलं (पाव्हण्याला संडास दाखवायची ही कुठली रीत, मला काय कळलं न्हाई), आन् शेवटाला त्या हालमधी न्हेऊन बटण दाबलं. चार कोपऱ्यात चार डबे, टीव्हीखाली पाचवा, आन् खाली जमिनीवर एक ठोकळा, त्यो वाजला की माझ्या कपातला चहा थरथराया लागला. सासूबाई मधोमध खुर्चीत, पाय सोडून, पाटलीणबाईवानी. टीव्हीत आपल्या धनगरी गजी नाचाच्या ढोलाची शिडी, ती चकचकीत चकती, लावलेली. मला बघून म्हणल्या, "जावईबापू, ढोल बघा, पाठीमागनं येतुय." मी म्हणलं, चला की घरी. तर म्हणल्या, ऱ्हाऊ द्या आजून, हितं ढोल लई चांगला ऐकू येतो.

शंभूराव, मी जळलो. लोकं म्हणत्यात साडू साडूवर जळतो ही निस्ती म्हण हाय, मी सांगतो म्हण न्हाई, त्याला उभं राहून धूर येतो. तुम्हाला कंपनीत नोकरी लागली तवा मी जळलो न्हाई, गाडी घेतली तवा निस्ता कडंनी करपलो, पण माझ्या हक्काची म्हातारी तुम्ही पाच डब्यांवर पळवली आन् वर मलाच सांगितलं की "दाजी, तो जुना टीव्ही भंगारात द्या आन् भिंतीवरचा घ्या." आवं, त्यो टीव्ही म्हंजी काय तुम्हाला ठाऊक हाय का? आमच्या लग्नात सासूबाईंनी कळपातल्या दुभत्या मेंढ्या इकून दिलेला टीव्ही हाय. उघडझाप करायची लाकडी दारं हायती त्याला. धुरपदानं त्याच्यावर इणलेलं कापड आजून हाय. त्यो भंगारात दिऊन मी म्हातारीला कुठलं तोंड दावू?

तवा मी ठरवलं, टीव्ही त्योच ऱ्हाईल आन् ढोल पाठीमागनं येईल. दौंडला रेल्वेतल्या एका बाबूची बदली झाली व्हती, त्याच्याकडनं पाच डब्यांचा सगळा बारदाना आणला. (त्यात माझा बोकड गेला. त्याचं नाव काढू नका, धुरपदा आजून बोलत न्हाई.) सोबत डीव्हीडी. डिशचा डबा घरात व्हताच, आन् व्हीसीडीचं जुनं मशीन माळ्यावर. आता गंमत आशी की टीव्हीच्या पाठीत भोकं एकाच मशीनपुरती, आन् खायाला तोंडं तीन. त्यावर इलाज म्हणून बाजारातनं तीन बटणांचा एक चपटा डबा आणला. समद्या वायरी त्या डब्यात, डब्यातनं चित्र टीव्हीला आन् आवाज स्पीकरला. ज्या मशीनचं बटण दाबाल ते चालू.

हितं खरी भानगड झाली. परत्येक मशीनला तीन तीन वायरी, एक पिवळी, एक पांढरी, एक तांबडी. डब्यालाबी तशीच भोकं, पिवळ्यांची एक उभी वळ, पांढऱ्यांची एक, तांबड्यांची एक. मी बघितलं आन् मनात म्हणलं, कारखान्यानं घोळ घातला. आवं, आपल्यात रंग कशाला लावत्यात? कुणाची मेंढरं ती वळखाया! आमच्या आज्याची समदी मेंढरं तांबडी, चुलत्याची निळी. एकाच घरच्या तीन मेंढरांना तीन रंग लावलेले बापजन्मात कुणी बघितलेत? तवा मी गोठ्यातला मेंढरं रंगवायचा डबा काढला आन् कारखान्याची चूक सुधारली. डीव्हीडीच्या समद्या वायरींच्या टोकांना पिवळा, डिशला चुना, व्हीसीडीला तांबडा. शेजारचा गेणबा बाजूला बसून व्हय व्हय करत व्हता. मग डीव्हीडीच्या तिन्ही वायरी पिवळ्या वळीत, डिशच्या पांढऱ्या वळीत, व्हीसीडीच्या तांबड्या. ज्याचा त्याचा कळप ज्याच्या त्याच्या वळीला. बघून जीव गार झाला. लावून बघायचं राहिलं, कारण लाईट गेली ती पाव्हणं यायच्या येळंलाच आली.

चंपाषष्ठीला तळी उचलाया तुम्ही सासूबाईंना आमच्याकडं सोडलं, त्याबद्दल आभार. कंपनीत तुमची पाळी व्हती म्हणून तुम्ही थांबला न्हाई ते बरं झालं, कारण पुढचं तुमच्यापुढं झालं नसतं. तळी उचलली, भंडारा उधळला, वांग्याचं भरीत-रोडगा झाला, आन् समदी वस्ती आमच्या घरात मावली. मी ढोलाची शिडी हातात घेतली, तवर सासूबाईंनी पिशवीतनं दुसरीच काढली. तुमच्या वास्तुशांतीची! म्हणल्या, आधी ही लावा, धाकट्या जावयाचं घर बघू द्या लोकांना. माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, माझ्या बोकडाच्या पैशात शंभूराव! दात खाऊन लावली.

चित्र आलं झकास. तुम्ही पाटावर, डोक्याला फेटा, भटजीपुढं मान खाली घातलेली. आवाज मातुर डिशचा आला (पिवळी वळ निस्ती चित्राची आन् बाकीच्या दोन आवाजाच्या, ह्ये मागनं कळलं), आन् डिशवर त्या घटकेला जनावरांच्या डाक्तरचा कार्यक्रम लागला व्हता. पाची डब्यांतनं, पाठीमागनंसुदीक, आवाज घुमला की नर सुस्त दिसतो, मान खाली घालतो, हाकेला उत्तर देत न्हाई. मग सुलक्षणा उठून तुमच्या तोंडात पेढा कोंबाया लागली, तर डाक्तर म्हणला की अशा येळी तोंड उघडून जंताचं औषध पाजावं. गेणबा पहिला फुटला. मग तुमच्या कंपनीचं साहेब आलं, तुमच्या पाठीवर हात फिरवाया लागलं, आन् डाक्तर म्हणला की इकायच्या आधी पाठीचा कणा चाचपून मास बघावं. शंभूराव, तळीच्या येळकोटाला जेवढा आवाज झाला नव्हता तेवढा तवा झाला. मी बटणं दाबत व्हतो, खंडोबाची आण, पण दुसरं-तिसरं दाबलं की चित्रच गायब, आन् पहिल्यावर चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा. (पहिलं बटण परत का दाबलं, असं तुमच्या कानावर येईल. चुकून दाबलं. दोनदा चुकून.)

सासूबाई पदर तोंडाला लावून हासत व्हत्या, डोळ्यांतनं पाणी. मला वाटलं जिकलो, म्हातारी आता हलत न्हाई. तर सकाळी उजाडायच्या आत उठल्या, गोठ्याच्या पलीकडं बांधाकडं गेल्या, लई येळानं धुरपदाच्या खांद्याला धरून आल्या, आन् पिशवी भरून तयार. म्हणल्या, "मला कारेगावला धाडा." एस.टी.त बसवलं. खिडकीतनं त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई.

म्हणून लिहितो. ढोल आता आमच्याकडंबी हाय, स्पीकर तेवढेच हायती, एकबी कमी न्हाई. तवा आयतवारी म्हातारीला गपगुमान माघारी धाडा. न्हाई धाडलं तर आपलं नातं पत्रिकेवर नाव छापण्यापुरतं.

आपला (कितीबी झालं तरी)
मल्हारी

ता. क. वायरींचा रंग रॉकेलनं निघत न्हाई. तुमच्या कंपनीत काय असंल तर बघा.

ता. क. दुसरा. ही चिठ्ठी बंद करायच्या आधी धुरपदानं वाचली आन् डोक्याला हात लावला. बोकडापास्नं पहिल्यांदा बोलली. म्हणली, आवं, आईला ढोल-बिल काय न्हाई पायजे. गुडघं गेल्यात तिचं, उकिडवं बसवत न्हाई. शंभूभावजींच्या घरात खुर्चीवानी बसायचा संडास हाय, म्हणून ती तिकडं ऱ्हाती. ह्ये जावयाला कसं सांगायचं, म्हणून ढोलाचं नाव सांगती. शंभूराव, तुम्ही दार उघडून दाखवत व्हता तवा मी फरशीच बघत बसलो.

ता. क. तिसरा. तर आता आसं करा. आयतवारी सासूबाईंना न्हाई, तुमच्या गवंड्याला धाडा. ते भांडं शिरूरला कुठल्या दुकानात घेतलं ते चिठ्ठीवर लिहून द्या. माझ्या इथलं तुमच्यापेक्षा चार बोटं उंच बसवणार हाय, ह्ये आत्ताच सांगून ठेवतो, मागनं रुसू नका. पाच डबे पायजे असतील तर तुम्हीच घिऊन जा, धा करा. पण मला कळलंय ह्ये सासूबाईंना कळता कामा नये, म्हातारी लाजंनं मरंल. काम झालं की त्यांना एवढंच सांगा, मल्हारीच्या घरी ढोल आता पाठीमागनं येतुय.