रिकामा कंट्रोल

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज सकाळी बुटीबोरीच्या आमच्या कंपनीत, कोल्ड रूममध्ये, तुम्ही पुन्हा माझ्या मागे उभे होता. मी वळून पाहिलं नाही. हल्ली पाहतच नाही. तुम्ही काय विचारणार ते ठाऊक असतं: "रिकामा मोजला का वं?"

इथे मी संशोधनासाठी विकायची एन्झाइमं तपासते. एका जिवाणूचं जनुक दुसऱ्या साध्या जिवाणूत घालायचं, तो वाढवायचा, फोडायचा आणि त्यातून हवं ते एन्झाइम वेगळं काढायचं. हे सगळं तुम्हीच शिकवलंत, विद्यापीठाच्या त्या लॅबमध्ये, जिथे उन्हाळ्यात कूलरचं पाणी संपलं की आपण दोघं बादल्या भरून आणायचो. ज्याचं जनुक घ्यायचं तो आपला जिवाणू नरखेडकडच्या तुमच्या बागेतला, सडलेल्या संत्र्याच्या सालींमधला. तुम्ही तो एसटीने, डबा मांडीवर धरून आणला होता. पहिल्याच आठवड्यात मी वहीत पेन्सिलने नोंद केली तेव्हा तुम्ही म्हणालात, "पेन्सिलनं लिहिणारा माणूस पुसायच्या तयारीनंच लिहिते." मी रडले होते. त्यानंतर पेननेच लिहीत गेले. खोटंसुद्धा.

तीन वर्षं ते एन्झाइम काही काम करत नव्हतं. मग एका दुपारी, एन्झाइम काम करायला लागलं की उतरते ती यंत्रावरची रेघ झरझर खाली येते, मी तुमच्या दारात जाऊन नुसती उभी राहते. तुम्ही चष्मा काढून पुसता. "आकडा मले नंतर सांग. रिकामा कंट्रोल कुठं आहे?" रिकामा म्हणजे आपलं जनुक न घातलेले तेच साधे जिवाणू, तसेच वाढवून, तसेच फोडून मोजायचे. त्यांचंही स्वतःचं असंच एक एन्झाइम असतं, ते मिसळून आलं तर माणूस फसतो. मी म्हणाले, "केला सर. काहीच आलं नाही." केला नव्हता. उद्या करू, असं मनाशी म्हटलं होतं. तुम्ही वहीवर सही केलीत. पुढे पेपर छापून आला, आणि त्याची प्रत तुम्ही गावी मोठ्या भावाला दाखवून आलात.

मग तुम्हाला कावीळ झाली, ती उतरेचना. तुम्ही दवाखान्यात होता, लॅबमध्ये नव्हता, म्हणूनच बहुधा मी तो कंट्रोल एकदाचा केला. रेघ तशीच खाली आली. मी इतके दिवस मोजत होते ते तुमचं एन्झाइम नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तुम्हाला भेटायला आले. काकू मोसंबीचा रस चमच्याने देत होत्या. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "करून राहिली न काम?"

"हो सर."

"टिकते न आपलं एन्झाइम?"

"टिकतं सर. आता तर आणखी चांगलं येतंय."

तुम्ही हसलात. आठ दिवसांनी गेलात.

मागच्या महिन्यात दुसऱ्या गावच्या एका संशोधक मुलीचा मेल आला. आपल्या पद्धतीने ती दोन वर्षं तेच एन्झाइम करत होती, पण रिकाम्याचा आकडा वजा केला की काहीच उरत नव्हतं. तिच्या गाइडने तिला सांगितलं होतं, तुझ्या हातात काम नाही. सोडून देऊ का, असं तिने मला विचारलं होतं. तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी सगळं खरं लिहिलं, आणि पेपर मागे घ्या म्हणून मासिकालाही कळवलं. त्यावर तुमचंही नाव आहे, म्हणून काकूंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "त्यायले तेव्हाच सांगतलं असतं तं रागावले असते. मंग म्हणाले असते, पुन्हा कर." मी म्हणाले, काकू, जाणाऱ्या माणसाला दुःख नको म्हणून नाही सांगितलं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता नाही दाखवणार. कारण त्यांना सांगितलं तेही खरं नव्हतं, सर. दवाखान्यात तुम्हाला भेटले त्याच्या पुढच्याच सोमवारी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती, त्याच एन्झाइमवरची.