उंबऱ्यावरची चप्पल

पुणतांबा, ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. नॅथनला आक्काचा ख्रिस्ती सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझ्या सुनेनं, स्टेलानं, फोटो पाठवला. हातात माईक, मागं बाटल्यांची मांडणी आणि वर फलक, ‘भिंगार कॅम्पचा इतिहास’. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलास आणि रिटायर झाल्यावर व्याख्यानाला जागा सापडली ती बन्सीशेठचा गुत्ता? आपल्या बापानं, दादांनी, जिथं संसार बुडवला, तिथंच? आता परमिट रूम म्हणतात म्हणून काय तो देऊळवाडा झाला? चर्चमधल्या बायका मला विचारतात, मास्तरांनी धंदा बदलला का. काय सांगू त्यांना? मला तर लई संताप आलाय.

स्टेलानं दिलेलं तेल गुडघ्याला लागू पडलं, तिला सांग.

रागावलेली असले तरी तुझीच,
मरियमआक्का

भिंगार, ता. १० नोव्हेंबर

ती. आक्कास नॅथनचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून स्टेला हसली, मला काही हसू आलं नाही. अगं, वाचनालयात बोललो तेव्हा चार माणसं होती, त्यातली दोन पेपर वाचायला आलेली. इथं बसायला जागा पुरत नाही. माझं बोलणं चालू असेतो शेठ एक ग्लास भरत नाहीत. गोऱ्या सोजिरांच्या काळातली इमारत आहे, तुळया अजून त्याच. कोण कुठं बसायचं, बँडमास्तर कुठल्या टेबलाशी गायचा, सगळं हुडकून काढलंय मी. दादांची खिडकीजवळची खुर्चीसुद्धा दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात.

२९ तारखेचा विषय ‘गुत्त्यातल्या मैफली’. एकदा ये, ऐक, मग नावं ठेव. स्टँडवर घ्यायला येतो.

शिव्या चालतील, अबोला नको.
तुझा नॅथन

पुणतांबा, ता. १७ नोव्हेंबर

चि. नॅथनला सलाम. आशीर्वाद आज हातचा राखून ठेवते.

आधी मला जागेचा राग होता. आता तू तिथं जे सांगतोस त्याचा आहे. दादांची खुर्ची दाखवून टाळ्या घेतोस? त्या खुर्चीतून त्यांना उठवायचं कोण, ते सांगितलंस?

पगाराच्या संध्याकाळी बाहेरच्या ओट्यावर बाया उभ्या असायच्या. आत जायची रीत नव्हती. मग जी ती आपली एक चप्पल काढून उंबऱ्यावर ठेवायची. आपल्या बायकोची चप्पल ओळखली की माणूस मान खाली घालून उठायचा. नाही उठला, तर बन्सीशेठचे वडीलसुद्धा त्याला पुढचा ग्लास देत नसत. एवढा मान होता त्या चपलेला. आईची टायरची होती, अंगठा दोनदा शिवलेला. दादा बाहेर येईतो ती एका पायानं अनवाणी उभी, आणि तू तिचा पदर धरून. मैफल आत होती, बाबा. आपली चूल त्या ओट्यामुळं पेटत होती. बँडमास्तराचं टेबल हुडकलंस, आणि आपली आई तेवढी सापडली नाही तुला?

२९ तारखेला मी येते. स्टँडवर येऊ नकोस, रस्ता मला पाठ आहे. आत पाऊल टाकायची नाही. उंबऱ्यावर माझी चप्पल ठेवीन. ती दिसली की माईक खाली ठेवायचा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर ओट्यावर यायचं. पुढचं मी सांगेन.

आशीर्वाद तिथंच देईन, बाहेर आलास तर.
आईची लेक,
मरियम